घसादुखीचे निदान आणि चुकीची किंमत

(स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास करताना लक्ष साहजिकच मोठ्या रोगांकडे, मोठ्या योजनांकडे आणि मोठ्या आकड्यांकडे जाते. या व्याख्यानाचा विषय त्या मानाने साधा आहे. आठ-नऊ वर्षांचे एक मूल ताप आणि घसादुखीची तक्रार घेऊन जनरल प्रॅक्टिस करणाऱ्या डॉक्टरांच्या दवाखान्यात येते. डॉक्टर बॅटरीच्या उजेडात घसा पाहतात, जबड्याखालच्या गाठी चाचपतात आणि पाच मिनिटांत ठरवतात की प्रतिजैविक द्यायचे किंवा नाही. प्रयोगशाळा जवळ नसते. असली तरी अहवालाला दोन दिवस लागतात, आणि बाहेर आणखी वीस रुग्ण बसलेले असतात. या पाच मिनिटांच्या निर्णयात वैद्यकशास्त्राइतकेच अर्थशास्त्र आहे. अपुरी माहिती, चुकीची शक्यता, त्या चुकीची किंमत आणि ती किंमत नेमकी कोणाच्या पदरात पडते, हे अर्थशास्त्राचे नेहमीचे प्रश्न येथे एका मुलाच्या घशात एकवटलेले दिसतात.

रोग लहान, परिणाम मोठा

बहुसंख्य घसादुखी विषाणूंमुळे होते आणि तिच्यावर प्रतिजैविकांचा काहीही उपयोग होत नाही. उरलेल्या घसादुखीत सर्वांत महत्त्वाचा वाटा ‘अ’ गटातील स्ट्रेप्टोकॉकस या जिवाणूचा असतो. साखळीसारख्या रचनेवरून या जिवाणूंना हे नाव थिओडोर बिलरोथ यांनी १८७४ मध्ये दिले, आणि त्यांचे गट पाडण्याची पद्धत रिबेका लान्सफील्ड यांनी १९३३ मध्ये मांडली. घसादुखीसाठी डॉक्टरांकडे येणाऱ्या मुलांपैकी साधारण एकतृतीयांश मुलांच्या घशात हा जिवाणू सापडतो. प्रौढांमध्ये हे प्रमाण ५ ते १५ टक्के एवढेच असते. म्हणजे निदान करण्यापूर्वीच, केवळ रुग्णाचे वय पाहून, शक्यतेचा पहिला अंदाज बांधता येतो. ही गोष्ट पुढील सर्व विवेचनाचा पाया आहे.

विशेष म्हणजे जिवाणूमुळे झालेली घसादुखीही बहुतेक वेळा आठवडाभरात आपोआप बरी होते. अनेक चाचण्यांचे एकत्रित विश्लेषण असे दाखवते की प्रतिजैविकांमुळे आजाराचा कालावधी सरासरीने सुमारे १६ तासांनी कमी होतो. एवढ्या लाभासाठी निदानाचा इतका खटाटोप करण्याचे कारण काय, असा प्रश्न येथे रास्त ठरतो. त्याचे उत्तर घशात नसून हृदयात आहे.

संसर्गानंतर दोन-तीन आठवड्यांनी काही मुलांना, विशेषतः ५ ते १५ वर्षे वयोगटात, ऱ्हुमॅटिक ताप येतो. जिवाणूविरुद्ध उभी राहिलेली शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच ऊतींवर उलटते. सांधे सुजतात, दुखतात आणि कालांतराने पूर्ववत होतात. हृदयाच्या झडपांची हानी मात्र अनेकदा कायमची राहते. पुन्हा संसर्ग झाला की ती वाढते. वीस-पंचविशीतील तरुण, किंवा पहिल्या बाळंतपणाच्या वेळी धाप लागलेली स्त्री रुग्णालयात दाखल होते, तेव्हा दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या घसादुखीची आठवण कोणालाच नसते. २०१५ सालासाठी केलेल्या जागतिक अंदाजानुसार ऱ्हुमॅटिक हृदयविकाराचे ३ कोटी ३० लाखांहून अधिक रुग्ण जगात होते आणि त्या एका वर्षात ३ लाखांहून अधिक मृत्यू झाले. या रुग्णांपैकी सुमारे १ कोटी ३० लाख एकट्या भारतात होते. मे २०१८ मध्ये जागतिक आरोग्य सभेने या रोगाविषयी स्वतंत्र ठराव संमत केला.

वायोमिंगच्या तळावरील पुरावा

घसादुखीवर वेळीच उपचार केला तर ऱ्हुमॅटिक ताप टळतो, हे आज पाठ्यपुस्तकातील वाक्य आहे. ते सिद्ध झाले अमेरिकेच्या वायोमिंग राज्यातील वॉरन हवाई दल तळावर. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथे नवे सैनिक दाटीवाटीने बराकींत राहत आणि स्ट्रेप्टोकॉकसच्या साथी वारंवार येत. चार्ल्स रॅमेलकॅम्प यांच्या नेतृत्वाखालील पथकाने जिवाणूजन्य घसादुखी झालेल्या सैनिकांचे दोन गट केले. पेनिसिलिन दिलेल्या ७९८ जणांपैकी दोघांना ऱ्हुमॅटिक ताप आला. उपचार न दिलेल्या ८०४ जणांपैकी १७ जणांना आला. हे निष्कर्ष १९५० मध्ये प्रसिद्ध झाले. आजच्या संशोधन-नीतीच्या चौकटीत असा प्रयोग पुन्हा करता येणार नाही, त्यामुळे पंचाहत्तर वर्षांनंतरही जगभरची मार्गदर्शक तत्त्वे याच आकड्यांकडे वळून पाहतात.

याच पथकाने आणखी एक गोष्ट दाखवली. घसादुखी सुरू झाल्यावर नऊ दिवसांनी पेनिसिलिन सुरू केले तरी ऱ्हुमॅटिक ताप बहुतांशी टळतो. या नऊ दिवसांचे महत्त्व अर्थशास्त्रीय दृष्टीने फार मोठे आहे. डॉक्टरांकडे वेळ असतो. नमुना तपासून, दोन दिवस थांबून, खात्री करून औषध देणे वैद्यकीयदृष्ट्या सुरक्षित आहे. अडचण वैद्यकीय नसून, रुग्ण परत येईल की नाही ही आहे. रोजंदारीवर जाणारी आई मुलाला घेऊन आज आली ती अर्ध्या दिवसाची मजुरी बुडवून. अहवालासाठी परवा पुन्हा या, असे सांगणे म्हणजे तिच्याकडून आणखी एका दिवसाची मजुरी आणि एसटीचे भाडे मागणे होय. परवापर्यंत मुलाचा ताप उतरलेला असतो. ती येत नाही, आणि तिच्या बाजूने पाहता हा निर्णय तर्काला सोडून नाही.

डोळे, हात आणि गुण

केवळ घसा पाहून जिवाणू ओळखता येतो, असा अनुभवी डॉक्टरांचाही समज असे. प्रत्यक्ष तुलना केली असता तो समज टिकला नाही. लाल घसा विषाणूमुळेही होतो आणि टॉन्सिलवरचा पांढरा थरही. यावर उपाय म्हणून रॉबर्ट सेंटर आणि सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये एक गुणपद्धती मांडली. व्हर्जिनियातील रिचमंड येथे तातडीच्या विभागात आलेल्या २८६ प्रौढ रुग्णांच्या तपासणीतून त्यांनी चार खुणा निवडल्या : टॉन्सिलवर पूसदृश थर, मानेच्या पुढील बाजूस सुजलेल्या व दुखऱ्या गाठी, तापाचा इतिहास आणि खोकल्याचा अभाव. चारही खुणा असतील तर जिवाणू सापडण्याची शक्यता ५६ टक्के, तीन असतील तर ३२, दोन असतील तर १५, एक असेल तर ६.५ आणि एकही नसेल तर २.५ टक्के निघाली.

या आकड्यांकडे थोडे थांबून पाहिले पाहिजे. चारही खुणा जुळल्या तरी खात्री जेमतेम निम्म्याहून अधिक आहे. म्हणजे हे गुण जिवाणू आहे हे सिद्ध करण्यापेक्षा तो नाही हे सांगण्यास अधिक उपयोगी पडतात. खोकला व वाहते नाक असलेल्या, ताप नसलेल्या प्रौढाला प्रतिजैविक नको, हे त्यातून ठामपणे निघते. कॅनडातील वॉरन मॅकआयझॅक यांनी १९९८ मध्ये या पद्धतीत वयाची भर घातली : ३ ते १४ वर्षांच्या मुलाला एक गुण अधिक, ४५ किंवा त्याहून जास्त वयाच्या व्यक्तीचा एक गुण वजा. दुरुस्ती साधी असली तरी तिच्यामुळे वयानुसार बदलणारे मूळ प्रमाण हिशेबात आले.

भारतातील डॉक्टरांना या गुणपद्धतीत नसलेली एक गोष्टही ध्यानात ठेवावी लागते. घशातील करडा, चिकट, ओढल्यास रक्त येणारा पापुद्रा हा घटसर्पाचा असू शकतो. लसीकरण न झालेल्या किंवा अपुरे झालेल्या मुलांमध्ये हा रोग भारतात आजही आढळतो आणि त्याचे उपचार सर्वस्वी वेगळे व तातडीचे असतात. परदेशी गुणतक्ता भाषांतरित करून भिंतीवर लावल्याने काम भागत नाही, ते यामुळे.

चाचणीचे गणित

घशातून घेतलेला नमुना रक्तयुक्त माध्यमावर वाढवणे, म्हणजे कल्चर, ही आजही प्रमाण चाचणी मानली जाते. तिला एक ते दोन दिवस लागतात. १९८०च्या दशकात जलद प्रतिजन चाचणी आली. ती काही मिनिटांत उत्तर देते. मुलांमधील अनेक अभ्यासांच्या एकत्रित निष्कर्षानुसार या चाचणीची संवेदनशीलता सुमारे ८५ टक्के आणि विशिष्टता सुमारे ९५ टक्के आहे. संवेदनशीलता म्हणजे जिवाणू असलेल्यांपैकी किती जणांना चाचणी पकडते. विशिष्टता म्हणजे जिवाणू नसलेल्यांपैकी किती जणांना ती योग्य रीतीने वगळते. परीक्षेत या दोन संज्ञांची अदलाबदल नेहमी होते, म्हणून उदाहरण घेणे बरे.

घसादुखीची १,००० मुले आहेत आणि त्यांपैकी ३० टक्के, म्हणजे ३०० मुलांच्या घशात जिवाणू आहे, असे धरू. चाचणी त्यांतील २५५ मुले पकडेल आणि ४५ निसटतील. उरलेल्या ७०० मुलांपैकी ६६५ योग्य रीतीने वगळली जातील आणि ३५ मुलांत जिवाणू नसतानाही चाचणी सकारात्मक येईल. एकूण सकारात्मक २९०. त्यांत खरी २५५, म्हणजे ८८ टक्के. आता हीच चाचणी, तोच संच, तीच तंत्रज्ञ, पण रुग्ण प्रौढ आणि मूळ प्रमाण १० टक्के. जिवाणू असलेल्या १०० पैकी ८५ पकडले जातील, नसलेल्या ९०० पैकी ४५ चुकीने सकारात्मक ठरतील. एकूण सकारात्मक १३०, त्यांत खरे ८५, म्हणजे ६५ टक्के. चाचणी बदललेली नाही; लोकसंख्या बदलली आहे. चाचणीच्या उत्तराचा अर्थ चाचणीपूर्व शक्यतेवर अवलंबून असतो, हा अठराव्या शतकातील थॉमस बेज यांच्या नावाने ओळखला जाणारा नियम येथे दवाखान्याच्या टेबलावर दिसतो.

गुंतागुंत येथेच संपत नाही. निरोगी शाळकरी मुलांपैकी सुमारे दहाव्या हिश्श्याच्या घशात हा जिवाणू काहीही त्रास न देता वास्तव्य करून असतो. अशा वाहक मुलाला विषाणूजन्य सर्दी झाली आणि त्याची चाचणी केली, तर उत्तर सकारात्मकच येईल. जिवाणू खरोखर असतो. आजार मात्र त्याचा नसतो. कल्चरलाही हा भेद करता येत नाही. सर्दी-खोकल्याच्या प्रत्येक मुलाची चाचणी करणे यासाठीच अयोग्य ठरते.

उंबरठा कोठे ठेवायचा?

खात्री मिळत नाही, तेव्हा निर्णय कसा घ्यायचा? स्टीफन पॉकर आणि जेरोम कॅसिरर यांनी १९८० मध्ये याला उंबरठ्याची पद्धत सुचवली. कल्पना सोपी आहे. दोन चुका संभवतात : रोग नसताना औषध देणे आणि रोग असताना न देणे. पहिल्या चुकीची किंमत एक मानली आणि दुसरीची चार, तर रोगाची शक्यता एक भागिले पाच, म्हणजे २० टक्क्यांहून अधिक असेल तेव्हा औषध द्यावे. दुसऱ्या चुकीची किंमत एकोणीस पट असेल तर उंबरठा ५ टक्क्यांवर येतो. दोन्ही चुका सारख्याच महाग असतील तर तो ५० टक्के होतो.

आता हे उंबरठे सेंटर यांच्या आकड्यांशेजारी ठेवून पाहावेत. ५० टक्क्यांचा उंबरठा फक्त चारही खुणा असलेला रुग्ण ओलांडतो. २० टक्क्यांचा उंबरठा तीन खुणांनी ओलांडला जातो. ५ टक्क्यांचा असेल तर एक खूणही पुरेशी होते. हे आकडे एका शहरातील प्रौढांचे आहेत आणि मुलांमध्ये शक्यता याहून अधिक असते, हे खरे. तरीही मुद्दा स्पष्ट होतो : एकच घसा, एकच डॉक्टर, तीच खूण, पण निर्णय वेगळा, कारण चुकीची किंमत जागेनुसार वेगळी आहे. टॉम्पकिन्स आणि सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये अमेरिकेसाठी केलेल्या खर्च-परिणामकारकतेच्या विश्लेषणात शक्यता २० टक्क्यांहून जास्त असेल तर थेट उपचार, ५ ते २० टक्के असेल तर आधी कल्चर आणि ५ टक्क्यांहून कमी असेल तर दोन्ही नको, असा निष्कर्ष काढला होता.

इंग्लंडमध्ये ऱ्हुमॅटिक ताप आता दुर्मीळ झाला आहे. त्यामुळे तेथील २०१८च्या मार्गदर्शक तत्त्वांत घसादुखी हा प्रामुख्याने आपोआप बरा होणारा आजार मानला जातो. कमी गुण असलेल्या रुग्णाला प्रतिजैविक दिले जात नाही. मधल्या गटात राखीव चिठ्ठी दिली जाते आणि काही दिवसांत बरे वाटले नाही तरच ती वापरण्यास सांगितले जाते. चुकीच्या दोन बाजूंतील फरक तेथे लहान आहे, म्हणून उंबरठा उंच आहे.

कोस्टारिका या मध्य अमेरिकेतील लहान देशाने नेमकी उलट दिशा धरली. १९७०च्या दशकात तेथे कल्चरची अट काढून टाकण्यात आली आणि लक्षणांवरून संशय आला की बेंझाथिन पेनिसिलिनचे एकच इंजेक्शन देण्याचे धोरण आरोग्य केंद्रांत राबवण्यात आले. पुढील दोन दशकांत ऱ्हुमॅटिक तापाचे प्रमाण झपाट्याने घटले. याच काळात तेथे शिक्षण, घरे आणि प्राथमिक आरोग्यसेवाही सुधारत होत्या, त्यामुळे सगळे श्रेय इंजेक्शनला देणे घाईचे होईल. पाश्चात्त्य देशांत तर पेनिसिलिन येण्यापूर्वीच, राहणीमान सुधारले आणि घरांतील दाटी कमी झाली तसतसा हा रोग ओसरू लागला होता. दक्षिण आफ्रिकेतील मुलांसाठी २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आर्थिक विश्लेषणातही गुणांच्या आधारे थेट इंजेक्शन देणे किफायतशीर ठरले. त्यात कल्चरची भर घातल्यास खर्च फार वाढतो आणि पदरात फारसे काही पडत नाही, असे दिसून आले. न्यूझीलंडने २०११ पासून माओरी आणि पॅसिफिक बेटांतील समाजांच्या मुलांसाठी शाळांतच घशाचे नमुने घेण्याची सोय केली, आणि पुढे त्याच कार्यक्रमात दाटीच्या घरांचा प्रश्नही हाती घेतला. एकाच देशात दोन समाजांसाठी दोन उंबरठे असू शकतात, हे त्या धोरणाने उघडपणे मान्य केले. समानतेच्या नावाखाली सर्वांना एकच नियम लावण्यापेक्षा हे अधिक न्याय्य आहे.

भारतीय दवाखाना

भारतात उंबरठा कोठे असावा? संपूर्ण देशासाठी याचे एक उत्तर देणे चुकीचे ठरेल. महानगरातील प्रशस्त सदनिकेत राहणारा चाळीस वर्षांचा कर्मचारी आणि एका खोलीत सात जणांसह राहणारी नऊ वर्षांची मुलगी यांच्या घशात तीच लक्षणे असली तरी त्यांची जोखीम सारखी नाही. पहिल्याच्या बाबतीत इंग्लंडचा नियम लागू पडावा, दुसरीच्या बाबतीत कोस्टारिकाचा. प्रत्यक्षात मात्र अनेकदा उलटे घडते. पहिल्याला मागताच महाग प्रतिजैविक मिळते; दुसरी दवाखान्यापर्यंत पोहोचतच नाही, किंवा पोहोचली तर दोन दिवसांच्या गोळ्या घेऊन परत जाते.

उपचाराचा प्रश्नही निदानाशी बांधलेला आहे. तोंडावाटे पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन दहा दिवस घ्यावे लागते. तिसऱ्या दिवशी मूल खेळू लागते आणि उरलेल्या गोळ्या फडताळात राहतात. बेंझाथिन पेनिसिलिनचे एक इंजेक्शन हा प्रश्न मुळातच मिटवते : २७ किलोपेक्षा कमी वजनाच्या मुलाला ६ लाख युनिट, त्याहून अधिक वजन असल्यास १२ लाख. औषध स्वस्त आहे, जुने आहे आणि हा जिवाणू आजही पेनिसिलिनला दाद देतो. तरीही खासगी डॉक्टर ते टाळतात, कारण तीव्र ॲलर्जीची भीती. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात ३२,४३० इंजेक्शनांमागे तीव्र ॲलर्जीचे ४ प्रसंग नोंदले गेले आणि त्यांतील एक रुग्ण दगावला. धोका फार लहान आहे. पण तो घडला तर डॉक्टरांच्या दारात, त्याच दिवशी, सर्वांसमक्ष घडतो. इंजेक्शन न दिल्यामुळे निकामी झालेली झडप मात्र दहा वर्षांनी, दुसऱ्या शहरातील रुग्णालयात दिसते आणि तिचा दोष कोणाकडेच जात नाही. कृतीची चूक दिसते, अकृतीची दिसत नाही. डॉक्टरांचे वर्तन या विषमतेतून समजून घ्यावे लागते. त्यांना बेजबाबदार ठरवून काही साधत नाही. आपत्कालीन औषधांचा संच, प्रशिक्षण आणि प्रामाणिक वैद्यकीय निर्णयाला कायद्याचे संरक्षण असेल, तर हेच डॉक्टर इंजेक्शन देतील.

सरकारी खर्चाची रचनाही याच दिशेने झुकलेली आहे. २०१८ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेत पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण मिळते आणि हृदयशस्त्रक्रियांचा त्यात समावेश आहे. बाह्यरुग्ण सेवा मात्र योजनेबाहेर आहे. झडप बदलण्याचा खर्च शासन उचलते, ती झडप वाचवू शकणाऱ्या तपासणीचा खर्च रुग्णाच्या खिशातून जातो. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेने विकसित केलेली आणि १९९० मध्ये प्रथम बसवली गेलेली देशी कृत्रिम झडप हे भारतीय तंत्रज्ञानाचे अभिमानास्पद यश आहे. पण धातूची झडप बसलेल्या रुग्णाला आयुष्यभर रक्त पातळ ठेवणारे औषध आणि नियमित तपासण्या लागतात, हा खर्च त्या यशाच्या कथेत सहसा येत नाही. आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या स्तरावर घसादुखीच्या मुलांसाठी गुणतक्ता, जलद चाचणी आणि पेनिसिलिन या तीन गोष्टी नियमाने उपलब्ध करणे, ही भर सध्याच्या रचनेत बसण्यासारखी आहे.

घसादुखीचे उत्तम निदान झाले तरी सर्व रुग्ण सापडणार नाहीत, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. ऱ्हुमॅटिक ताप आलेल्या अनेक मुलांना आधी लक्षात राहण्याजोगी घसादुखी झालेलीच नसते. त्यांच्यासाठी दुसरी फळी हवी. फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातील पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात तपासावयाच्या विकारांच्या यादीत ऱ्हुमॅटिक हृदयविकाराचा समावेश आहे. युगांडातील ८१८ मुलांवर झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, हृदयाच्या सोनोग्राफीत सुप्तावस्थेतील विकार आढळलेल्या मुलांना दर चार आठवड्यांनी पेनिसिलिन दिल्यावर विकार वाढण्याचे प्रमाण दोन वर्षांत ०.८ टक्के राहिले. न दिलेल्या मुलांत ते ८.२ टक्के होते.

तिसऱ्या पक्षाची किंमत

आतापर्यंतचा हिशेब रुग्ण आणि डॉक्टर या दोघांपुरता होता. अनावश्यक प्रतिजैविकाची किंमत मात्र व्यवहारात नसलेला तिसरा पक्षही मोजतो. प्रत्येक अनावश्यक गोळी औषधाला न जुमानणाऱ्या जिवाणूंना थोडी अधिक जागा करून देते. अर्थशास्त्रात याला नकारात्मक बाह्यता म्हणतात. कारखान्याचा धूर आणि अनावश्यक गोळी यांत या दृष्टीने फरक नाही. २०१९ मध्ये भारताच्या खासगी बाजारात सर्वाधिक खप असलेले प्रतिजैविक ॲझिथ्रोमायसिनची ५०० मिलिग्रॅमची गोळी होते. दिवसाला एक, तीन-पाच दिवसांत संपणारी ही गोळी रुग्णाला सोयीची आणि डॉक्टरांना लिहायला सोपी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात मात्र ती ‘जपून वापरावयाच्या’ गटात आहे, तर अमॉक्सिसिलिन आणि पेनिसिलिन ‘सहज उपलब्ध असावीत’ अशा गटात आहेत. स्ट्रेप्टोकॉकस पेनिसिलिनला दाद देतो, पण ॲझिथ्रोमायसिनच्या कुळातील औषधांना न जुमानणारे त्याचे प्रकार अनेक देशांत आढळले आहेत. म्हणजे जास्त महाग, जास्त हानिकारक आणि कमी खात्रीचे औषध अधिक खपते. बाजार अपयशी ठरतो तो असा.

हे उलटवता येते, याचे उदाहरण फिनलंडमध्ये आहे. तेथे ‘अ’ गटातील स्ट्रेप्टोकॉकसचा एरिथ्रोमायसिन-प्रतिरोध १९९२ मध्ये १६.५ टक्क्यांवर पोहोचला होता. बाह्यरुग्णांमध्ये या कुळातील औषधांचा वापर कमी करण्याची राष्ट्रीय शिफारस झाली, डॉक्टरांनी ती पाळली आणि १९९६ पर्यंत प्रमाण ८.६ टक्क्यांवर आले. यासाठी नवे औषध किंवा नवे यंत्र लागले नाही.

भारतात २०१४ पासून अनुसूची एच-१ लागू आहे आणि तीत समाविष्ट औषधांच्या विक्रीची स्वतंत्र नोंदवही औषध विक्रेत्याला तीन वर्षे जपून ठेवावी लागते. चिठ्ठीशिवाय प्रतिजैविक विकणे त्यापूर्वीही बेकायदेशीरच होते. घसा दुखला की केमिस्टकडे जाऊन दोन गोळ्या मागणे तरीही सुरूच आहे, कारण डॉक्टरांची फी आणि रांग या दोन्हींपेक्षा काउंटर स्वस्त पडतो. इंग्लंडमध्ये ३१ जानेवारी २०२४ पासून घसादुखीच्या रुग्णाला औषध विक्रेत्याकडेच तपासून घेण्याची सोय सुरू झाली. तेथे प्रशिक्षित फार्मासिस्ट ताप, पू, आजाराची तीव्र सुरुवात, टॉन्सिलची सूज आणि खोकल्याचा अभाव या खुणांचे गुण मांडतो, गुण जास्त असतील तरच पेनिसिलिन देतो आणि नोंद रुग्णाच्या डॉक्टरांकडे पाठवतो. भारतातील औषध विक्रेताही निर्णय घेतच असतो. त्याच्यापुढे गुणतक्ता नसतो, नोंद ठेवण्याचे कारण नसते आणि गोळी न विकल्याबद्दल मोबदलाही मिळत नाही.